मखमल, घंटी आणि करवत

३ मार्च, सोमवार

फाटला. नवऱ्याच्या गिटारच्या अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, स्पीकर फाटला, आणि घरात कुणी गेल्यासारखी शांतता आहे.

ही कृपा ढोरडॉक्टरची. नवऱ्याच्या बँडमध्ये तो ड्रम बडवतो. आठवडाभर गुरांना सुया टोचतो आणि रविवारी आम्हाला छळतो. काल तालीम संपल्यावर झांजेचा स्टँड उचलला आणि मागे न बघता वळला. स्टँडचा पाय अँपच्या पुढच्या कापडातून थेट आत. नवरा म्हणे ओरडलासुद्धा नाही. खाली बसला आणि स्पीकरच्या फाटलेल्या कागदी पडद्यावरून हात फिरवत राहिला. हे मला भाऊजींनी सांगितलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, बँडमध्ये बास गिटार वाजवतात. त्यांच्यावाचून बँडचं फार अडतं असं नाही, पण सामान वाहायची गाडी त्यांची आहे.

आज सकाळी भाऊजींचा फोन. "वहिनी, दादा जेवला का रात्री?"

जेवला. भात दोनदा मागून घेतला. दुःख मोठं होतं.

महिनाअखेरीला ग्रंथालयाच्या सभागृहात यांचा कार्यक्रम आहे, गळक्या छपराच्या मदतीसाठी. तिकिटं खपली आहेत. आता नवा स्पीकर निवडायचा. मला वाटलं दुकानात जातील, घेऊन येतील. बल्ब गेला की आपण काय करतो?

किती भोळी आहे मी.

५ मार्च, बुधवार

आमच्या कानाच्या दवाखान्यात आज नवऱ्यांचा दिवस होता. म्हणजे बायकांनी धरून आणलेल्या नवऱ्यांचा. प्रत्येक बाई तेच सांगते — "अहो, ऐकतच नाहीत." प्रत्येक बुवा तेच सांगतो — "मला सगळं ऐकू येतं, हीच पुटपुटते." मग मी बुवांना काचेच्या खोलीत बसवते, कानाला हेडफोन लावते, हातात बटण देते. "आवाज आला की दाबा." बुवा ऐटीत बसतात. पहिले जाडे आवाज येतात तोवर बटण टकाटक दाबतात. मग बारीक आवाज सुरू होतात आणि बुवा माझ्याकडे बघत बसतात. यंत्र बंद पडलं का, अशा चेहऱ्यानं!

इतकी वर्षं कान तपासून आता मला दारातच कळतं. जो ओठांकडे बघतो तो. जो विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसतो तो. जो उगाच मोठ्यानं बोलतो तो.

आणि हे लिहिता लिहिता माझंच पेन थांबलं. नवरा हल्ली घसा फोडून बोलतो. "चहा घेणार का?" हे गावाला दवंडी दिल्यासारखं विचारतो. टीव्हीचा आवाजही तोच वाढवतो. मी खोलीत आले की रिमोट उचलून वर, वर, वर.

गिटारवाले, मोठे आवाज, पन्नाशी. पुस्तकातलं उदाहरण आहे हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

८ मार्च, शनिवार

दुकानात गेलो. मला का नेलं? "तुझे कान तयार आहेत." बरं.

दुकानदारानं "या ताई" म्हणून मला स्टूल दिलं आणि पुढे माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघांचं जे काही सुरू झालं! नवरा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे. पाइप फुटला तरी इतका गंभीर होत नाही. ओहम अँपशी जुळला पाहिजे, नाहीतर अँप जळतो. वॅट अँपपेक्षा जास्त पाहिजे, नाहीतर स्पीकर जळतो. इथपर्यंत मला कळलं. जोड बरोबर बसली पाहिजे आणि ओझं पेललं पाहिजे, लग्नासारखंच.

मग सुरू झाली कविता. "हा उबदार आहे." "ह्याला वर जरा काचेचा स्पर्श आहे." "ह्याची छाती भरलेली आहे." "हा सुरुवातीला कडक वाटेल, पण सहा महिन्यांत मोकळा होईल." स्पीकर आहे की सून?

शेवटी दुकानदार म्हणाला, तीन जातीचे स्पीकर तीन पेट्यांत बसवून देतो, घरी वाजवून बघा. भाऊजींची गाडी कामाला आली. बँडमधलं त्यांचं स्थान पक्कं आहे.

९ मार्च, रविवार

दिवाणखान्यात तीन काळ्या पेट्या. सोफा भिंतीला टेकवला आहे आणि आम्ही सगळे अंग चोरून चालतो.

बारसंही झालं. पहिला स्पीकर 'मखमल' — मागे जडशीळ लोहचुंबक, आवाज म्हणे गोल आणि गडद. दुसरा 'घंटी' — हलका, आवाज स्वच्छ, किणकिणता. तिसरा कुठल्याशा जुन्या अँपमधून काढलेला. त्याचं नाव 'करवत'. हे नाव आमच्या पोरीनं ठेवलं. ती अभ्यासाच्या खोलीतून कानांवर हात ठेवून बाहेर आली आणि काहीतरी पुटपुटली. काय ते मला कळलं नाही. ही पोरं तोंड उघडून बोलतच नाहीत. मग नवऱ्यानं मला मोठ्यानं सांगितलं, "ती म्हणते करवतीसारखा आहे!"

दुपारभर तीच चार सुरांची तान, तिन्ही पेट्यांतून आलटून पालटून. मी स्वयंपाकघरात होते. मखमल आणि घंटी यांत मला काडीचा फरक वाटला नाही. बाहेर मात्र तीन प्रौढ पुरुष माना डोलावत, "अहाहा, हा बघ, हा बघ."

राजाचे नवे कपडे विणणारे असेच डोलत असणार.

११ मार्च, मंगळवार

दवाखान्यातल्या हेडफोनचं काहीतरी बिघडलं आहे. सकाळी पेशंट येण्याआधी यंत्र स्वतःच्या कानाला लावून बघायचं असतं, मी रोज बघते. जाडे आवाज ठीक. बारीक आवाज पार मेलेले. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं त्याचं मापाचं उपकरण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, एकदम व्यवस्थित आहे."

"मग मला कमी का येतात?"

तो खांदे उडवून निघून गेला. आजकाल कुणाला कामाची लाजच नाही. नव्या मुलीला लावून बघायला सांगितलं. नवी मुलगी म्हणजे माझ्या हाताखाली शिकायला आलेली, गोड आहे, पण आवाज असा की ओठाबाहेर पडायला घाबरतो. ती म्हणाली, ठीक आहेत. आता ती वरिष्ठांना काय म्हणणार.

१२ मार्च, बुधवार

वॉशिंग मशीन धुणं झाल्यावर शिट्टी वाजवायचं, ते बंद झालं. कपडे संध्याकाळपर्यंत आत. पोरगी म्हणते वाजतं. तिच्या डोक्यात सतत काहीतरी वाजतच असतं.

१५ मार्च, शनिवार

आज वकील आले होते. बँडचे गायक. कोर्टात बोलायला मिळत नाही म्हणून इथे गातात. त्यांनी तिन्ही पेट्यांची उलटतपासणी घेतली आणि निकाल दिला — मखमल. ढोरडॉक्टर म्हणाला, मखमल माझ्या ड्रममध्ये बुडेल, घंटीच पाहिजे. भाऊजी म्हणाले, दादा म्हणेल ते. करवत नको, यावर मात्र सर्वांचं एकमत. वकील म्हणाले, "ती वाजवलीस तर पहिल्या दोन रांगा उठून जातील."

 नवरा नुसता तारा पुसत बसला.

मला राहवलं नाही. चहाचा ट्रे ठेवून मी म्हटलं, "तुम्हा कुणालाही यातला फरक कळत नाही."

 वकिलांचा कप हवेत.

मी म्हटलं, डोळ्यांनी ऐकताय तुम्ही. कुठली पेटी वाजते ते दिसतं, म्हणून गोल, गडद, किणकिणता. आमच्याकडे असं चालत नाही. आमच्याकडे पेशंटला दिसत नाही मी काय दाबते ते. उद्या या. पडदा लावते.

ढोरडॉक्टर म्हणाला, "वहिनी, पैज?"

"पैज कसली? लाज ठेवा पणाला."

नवरा हसला. मग मोठ्यानं — अगदी माझ्याकडे तोंड करून — म्हणाला, "चांगली कल्पना आहे. करूच."

त्याला वाटतं तो सुटेल.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दाराच्या चौकटीला डबलबेडची चादर बांधली. पेट्या चादरीमागे, मी पेट्यांपाशी. भाऊजी माझ्या शेजारी स्टुलावर, गिटार घेऊन — तीच तान, त्याच जोरानं, पुन्हा पुन्हा. मी अँपची वायर एका पेटीतून काढून दुसरीत घालायची. पलीकडे तिघं परीक्षार्थी. मखमल वाटली तर एक बोट, घंटीला दोन, करवतीला तीन. एकमेकांकडे बघायचं नाही. पोरीला पहारेकरी नेमलं.

मी मुद्दाम चकवलं. तीच पेटी सलग दोनदा. वायर काढून परत तिथेच. काढल्याचा आवाज करून न काढता.

पोरगी पलीकडून निकाल ओरडत होती. नवरा बरोबर. ढोरडॉक्टर बरोबर. वकील बरोबर. पुन्हा बरोबर. पुन्हा. शेवटी पोरगी म्हणाली, "आई, मी पण ओळखतेय, ह्यात काय आहे?" आणि तिनंही ओळखलं. जिला गिटारच्या तारा किती ते माहीत नाही, तिनं!

मी चादरीबाहेर आले. ढोरडॉक्टरनं मिशीवरून हात फिरवला. वकील म्हणाले, "वहिनी, आता अपील वगैरे?"

पोरगी म्हणाली, "आई, आता तू बस. मी वायरी बदलते."

बसले. कानाच्या दवाखान्यात आयुष्य गेलेली बाई, घाबरते की काय.

करवत लागली की मला लगेच कळायचं. एकदाही चुकले नाही. पण बाकीच्या दोन... मी एक म्हणावं, ती घंटी निघावी. दोन म्हणावं, मखमल. नंतर नंतर मी नुसताच अंदाज करत होते. ढोरडॉक्टर आधी हसत होता, मग हसायचा थांबला. तेच जास्त लागलं.

नवरा मध्येच उठला आणि म्हणाला, "पुरे. वाकून वाकून थकली ती."

हो. तेच. चादरीमागे अर्धा तास वाकून बसल्यावर कुणाचे कान ताळ्यावर राहतील? शिवाय पोरगी बापाची. तिनं काही खाणाखुणा केल्या नसतील कशावरून.

१८ मार्च, मंगळवार

आज एक वल्ली आली. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. शब्दांची तपासणी होती. मी तोंडासमोर पुठ्ठा धरून एकेक शब्द म्हणते आणि त्यांनी तो परत म्हणायचा.

मी म्हटलं, "सात."

त्या म्हणाल्या, "हात."

चूक. पुढे "शीळ" म्हटलं, त्या म्हणाल्या "खीळ". चूक. असं बरंच काही. शेवटी मी गुण सांगितले तर बाई ताडकन उठल्या. "मी सात म्हणाले."

"हात म्हणालात, बाई."

"मी सात म्हणाले. ह्या मुलीला विचारा."

नवी मुलगी दारात उभी होती. तिनं जमिनीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही. पोस्टाच्या बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच त्यांचं पाकीट चुकीच्या दारात टाकलं.

बहिरेपण कबूल करण्यापेक्षा लोक भांडतील. नेहमीचंच आहे.

पण मुलगी दिवसभर माझी नजर चुकवत होती.

२२ मार्च, शनिवार

निकाल लागला. नवऱ्यानं करवत निवडली.

होय. करवत. ज्या पेटीला सगळ्यांनी नाक मुरडलं, तीच. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला, फाटका स्पीकर काढला, करवत अँपमध्ये बसवली, तारा जोडल्या, कापड ताणून लावलं. बाकीच्या दोन भाऊजींच्या गाडीत.

फोनवर फोन. ढोरडॉक्टर म्हणाला, "अरे, त्या रेड्याला इंजेक्शन देताना तो ओरडतो ना, तसा आवाज आहे तो." वकिलांनी कार्यक्रमातून नाव मागे घ्यायची धमकी दिली. अर्ध्या तासानं धमकी मागे घेतली. गायला दुसरीकडे कोण बोलावतंय?

भाऊजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, दादाला झालंय काय?"

मी सांगितलं. शांतपणे, शास्त्रशुद्ध. वरचे बारीक आवाज जातात तेव्हा माणसाला सगळं मातकट ऐकू येतं. मग तो धारदार आवाज शोधतो. मोठ्यानं बोलतो. टीव्ही वाढवतो. तुमच्या दादाला ऐकू कमी यायला लागलं आहे, भाऊजी.

भाऊजींनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "वहिनी, पण परवा पडद्यासमोर तर दादा..."

"तुक्का," मी म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याशी सरळ बोलले. म्हटलं, कार्यक्रम झाला की दवाखान्यात यायचं. तपासून घ्यायचं. त्यात कमीपणा काही नाही, चष्म्यासारखंच आहे ते.

मला वाटलं उसळेल. सगळे उसळतात. हा म्हणाला, "येतो. एका अटीवर. आधी तू बसायचं, मग मी."

"मी कशाला?"

"एकट्याला भीती वाटते."

इतका मोठा पुरुष! पण ठीक आहे, लहान मुलांच्या बाबतीतही आधी आईला बसवून दाखवतोच आम्ही.

२३ मार्च, रविवार

तालीम. शेजारच्या आजोबांनी खिडकी लावून घेतली. हे पहिल्यांदाच.

२९ मार्च, शनिवार

कार्यक्रम झाला. दमले आहे, पण लिहिते.

सभागृह भरलं होतं. वरून पाणी गळतं तिथे बादल्या ठेवल्या होत्या. पाऊस नव्हता, पण ग्रंथपालबाई म्हणाल्या, लोकांना बघून देणगी सुचते. हुशार बाई.

वकील पहिल्या गाण्याला शब्द विसरले आणि तेच कडवं दोनदा म्हणून वेळ मारून नेली. अशील सुटले असतील असेच. भाऊजी पूर्ण वेळ आपल्या बुटांकडे बघून वाजवत होते. ढोरडॉक्टरला घाम इतका की समोरचे लोक त्याच्याकडे काळजीनं बघत होते.

आणि नवरा. मला हे कबूल करायचं नव्हतं. पण चांगलं वाजवलं त्यानं. त्याचा एकेक सूर मला सुटा सुटा ऐकू आला. कितीतरी दिवसांत त्याची गिटार अशी ऐकली नव्हती. एरवी मला ती नुसती भिंतीपलीकडची गुणगुण वाटते — तो तक्रार करतो की मी लक्ष देत नाही — आणि मी खरंच देत नाही, त्यात लक्ष देण्यासारखं काही नसायचंच. आज होतं. मधल्या एका संथ गाण्यात तर मी हातातला कार्यक्रमाचा कागद बाजूला ठेवला.

सभागृहच चांगलं आहे ते, आवाजाला. छप्पर गळकं असलं तरी.

मध्यंतरात समोरच्या रांगेतल्या दोघी कान चोळत बोलत होत्या. "गिटार फारच टोचते, नाही का?" मी म्हटलं, "मला तर छान वाटली." त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, बायकोच ती, दुसरं काय म्हणणार.

आता सोमवारी दवाखाना. बिचारा. आज त्याला काही बोलले नाही.

३१ मार्च, सोमवार

दुपारी पेशंट संपल्यावर गेलो. यंत्रावर नव्या मुलीला बसवलं, तिला सरावही होईल म्हणून. मी काचेच्या खोलीत. इतकी वर्षं मी या खुर्चीवर लोकांना बसवते आहे, स्वतः इतका वेळ कधी बसले नव्हते. खुर्ची अगदीच गैरसोयीची आहे.

जाडे आवाज आले. दाबलं. आले. दाबलं. मधले आले, जरा पुसट. दाबलं.

मग काही येईना.

मी वाट बघितली. वाटलं, पोरगी पुढचं पान शोधते आहे. वाटलं, फोन बघते आहे. वैतागून काचेतून तिच्याकडे पाहिलं.

ती फोन बघत नव्हती. तिचं बोट कळीवर होतं. दाबत होती, सोडत होती. प्रत्येक वेळी यंत्रावरचा छोटा दिवा लागत होता. आवाज वाढवत होती, पुन्हा दाबत होती. तिची मान खाली होती. तिला माझ्याकडे बघायचं नव्हतं.

तिच्यामागे नवरा उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता.

मी बटण हातात धरून बसले. त्या बुवांसारखी.

बाहेर आल्यावर मुलीनं कागद पुढे केला. समजावून सांगायची गरज नव्हती. डावीकडे सपाट रेघ, मग कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली. दोन्ही कान. असे कागद मी रोज लोकांना दाखवते आणि रेघेवर पेनाचं टोक फिरवत म्हणते, हे बघा, इथपर्यंत छान आहे.

मग नवऱ्याला बसवलं. मीच तपासलं.  स्वच्छ. वयाच्या मानानं उत्तम.

गाडीत बसल्यावर विचारलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, कान तपासणारी यंत्रं मी तपासते, तू माझे कान नको तपासू."

म्हटलं असेन. माझंच वाक्य आहे ते.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "पोरीलाही माहीत आहे. भाऊलाही." तेवढ्या सिग्नलपुरतं मी खिडकीबाहेर बघत होते. मग लक्षात आलं की तो मोठ्यानं बोलत होता, अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून, नेहमीसारखं. माझ्यासाठी.

१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाले, कानाची यंत्रं लावा, काम चालू ठेवा, काही अडत नाही. मग म्हणाले, "चष्म्यासारखंच आहे ते."

चष्म्यासारखं मुळीच नाही. आजवर किती लोकांना मी हे थापाडं वाक्य ऐकवलं असेल आणि ते माझ्या तोंडावर मान हलवून गेले असतील.

नव्या मुलीला म्हटलं, "त्या दिवशी त्या बाई सात म्हणाल्या होत्या का?"

ती म्हणाली, "हो." या वेळी मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"तू तेव्हा बोलली होतीस ना?"

"हो. तुम्ही..." पुढचं तिनं गिळलं. चांगली पोरगी आहे.

पोस्टाच्या बाईंना फोन केला. म्हटलं, तुमची तपासणी पुन्हा करायची आहे, चूक आमची होती. मग म्हटलं, माझी होती. त्या पलीकडून बरंच बोलल्या. फोनवर मला निम्मं कळलं. जे कळलं ते पुरेसं होतं. गुरुवारी येतायत. शब्द मुलगी म्हणेल आणि गुणही तीच देईल. माझ्या हातून ज्यांची शब्दांची तपासणी झाली त्या सगळ्यांना परत बोलवायचं ठरवलं आहे. लाज वाटते. पण बोलवायचं.

२ एप्रिल, बुधवार

ढोरडॉक्टर आला होता. म्हणाला, कार्यक्रम झाला, आता तरी ती करवत काढ आणि मखमल बसव, दुकानदाराकडे अजून आहे. नवरा नाही म्हणाला. तो गेल्यावर मी विचारलं, सगळ्यांना टोचते, तुलाही टोचते, मग का?

म्हणाला, "बाकीच्या दोन वाजवल्या तेव्हा तू भाजी निवडत होतीस. ही लावली, आणि तू आतून मला ओरडलीस, ‘तुझी दुसरी तार उतरली आहे.’"